ऑटिझम असलेल्या मुलाचं भावंड घरात वाढतंय, त्याच्यासाठी काय काय करायचं

थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बघा, जवळजवळ रोज एक तरी मूल असं दिसेल ज्याची स्वतःची अपॉइंटमेंट नाहीये. आत भावाची स्पीच थेरपी चालू असते, त्यानंतर ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि हे बाहेर मांडीवर वही ठेवून होमवर्क करत बसलेलं असतं, नाहीतर आईच्या मोबाईलवर गेम खेळत. त्याची कुठे फाईल नसते, त्याचे गोल्स कोणी लिहीत नाही, त्याचा फॉलोअप नसतो. त्या बाकावरच्या मुलासाठी हे लिहितेय, म्हणजे खरंतर त्याच्या आईबाबांसाठी, आणि जमलं तर आजी, आत्या, मावशी यांनीपण वाचावं.

मी स्वतः अशीच धाकटी बहीण आहे. डोंबिवलीत वाढले, दादाला ऑटिझम आहे, बोलणं मोजकंच, पण लोकलच्या अनाउन्समेंट त्याला तोंडपाठ. आता आमच्यासारख्या बऱ्याच घरांशी ओळख झालीये, तिथल्या मुलांशी बोलणं होतं, आणि माझं एक मत अगदी पक्कं झालंय. भावंडाला खुद्द ऑटिझमचा जितका त्रास होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि सगळं गृहीत धरलं जातं याचा होतो. हे आईबाबांच्या हातात असलेलं आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी सांगा. लवकर सांगा.

बरेच आईबाबा थांबतात, अजून लहान आहे, कळणार नाही, मोठी झाली की सांगू. पण मुलांना तीन-चार वर्षांची असल्यापासून दिसतच असतं की दादाकडे सगळे वेगळं बघतात, आई फोनवर हळू आवाजात बोलते, डॉक्टरकडून आल्यावर बाबा गप्प असतात. कोणी काही सांगितलं नाही की ती स्वतःच कारण शोधतात आणि लहान मुलांनी शोधलेलं कारण बहुतेक वेळा स्वतःवरच येऊन थांबतं. मी त्याला ढकललं होतं म्हणून तो बोलत नाही, किंवा त्याचं उष्टं खाऊन मलापण होणार. एका छोट्या मुलीने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की मी मोठी झाले की माझंपण बोलणं बंद होणार का. तिला कित्येक महिने ही भीती होती आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता.

तीन-चार वर्षांच्या मुलाला आजाराचं नाव वगैरे लागत नाही. "दादाला कुकरची शिट्टी आपल्यापेक्षा खूप मोठी ऐकू येते, कान दुखतात त्याचे, म्हणून तो कान दाबून ओरडतो." एवढं पुरतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला नाव सांगून टाका, ऑटिझम, मराठीत स्वमग्नता म्हणतात हेपण सांगा कारण शाळेत एखाद्या बाई तोच शब्द वापरतील. त्यासोबत या गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा: हे जन्मापासून मेंदूची वाढ वेगळी होण्यामुळे असतं, ते संसर्गजन्य नाही, तुझ्यामुळे झालेलं नाही, आईमुळे किंवा बाबांमुळेपण नाही, लसीमुळे नाही, मोबाईल बघितल्याने नाही. थेरपीने हे "बरं" होणार नाहीये, थेरपी आहे ती त्याला आपलं म्हणणं सांगता यावं, स्वतःची कामं करता यावीत म्हणून. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण कित्येक मुलं वर्षानुवर्षं वाट बघत असतात की पुढच्या वाढदिवसापर्यंत दादा बरा होईल, देवाजवळ तेच मागत असतात.

आणि एकदा बसवून सांगितलं आणि झालं, असं करू नका. प्रत्येक वयात प्रश्न बदलतात. दहा-बारा वर्षांचं मूल विचारेल तो एकटा राहू शकेल का, पंधरा-सोळाचं विचारेल माझ्या मुलांना होईल का. तेव्हा "असलं काही बोलू नये" म्हणून गप्प करू नका. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे खरंच आहे, पण एकच एक जीन नसतं, आणि पुढे लग्न करताना हवं तर जेनेटिक काउन्सेलरशी बोलता येतं, असं सरळ सांगता येतं.

ज्यांच्या घरी ऑटिझम असलेल्या मुलानंतर दुसरं बाळ झालंय त्यांनी एक नक्की करावं, बाळाच्या वाढीवर बारीक लक्ष ठेवा. २०२४ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा धाकट्या भावंडांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे ऑटिझमचं निदान झालं, मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त आणि मुलींमध्ये कमी. म्हणजे पाचातल्या चौघांना नाही झालं, त्यामुळे घाबरून रात्रंदिवस बाळाची परीक्षा घेत बसू नका, पण दीड आणि दोन वर्षांचं झालं की बालरोगतज्ज्ञांकडून स्क्रीनिंग, म्हणजे ऑटिझमची प्राथमिक तपासणी, नक्की करून घ्या. "मुलं उशिरा बोलतात, त्याचा बाबापण उशिराच बोलायला लागला होता" हे वाक्य घरात येणारच, ते ऐका आणि तरी स्क्रीनिंगला जा.

बाहेर काय सांगायचं ते आधीच ठरवून द्या

बिल्डिंगमधली मुलं विचारतात, तुझा भाऊ असा का करतो. आयत्या वेळी सात वर्षांच्या मुलाला काय सुचणार, मग ते एकतर मारामारी करतं नाहीतर खोटं बोलतं, माझा नाहीच आहे तो, मामाचा आहे. त्याला घरी एक वाक्य तयार करून द्या आणि दोनचार वेळा मोठ्याने बोलायला लावा: "त्याला ऑटिझम आहे. तो कमी बोलतो पण त्याला कळतं. त्याला मोठा आवाज आवडत नाही." बास. मोठ्या मुलांना थोडं जास्त सांगता येतं, पण वाक्य त्यांचं त्यांना बनवू द्या, आईबाबांचं भाषण त्यांच्या तोंडात शोभत नाही.

आणि न सांगायची मुभापण द्या. नवीन कॉलेजमध्ये पहिल्याच दिवशी सगळ्यांना भावाबद्दल सांगितलंच पाहिजे असं काही नाही. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं हे त्या मुलाने ठरवावं. नाही सांगितलं म्हणजे त्याला भावाची लाज वाटते असा अर्थ काढू नका, आणि त्यालाही तसं मनाला लावून घेऊ देऊ नका. आणि समजा वाटली लाज, तर तीपण वाटू शकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आईबाबांच्या चपलांचीसुद्धा लाज वाटते, वय जातं तशी जाते.

दोघांचं खेळणं

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. भावंडांना एकमेकांसोबत मजा आली पाहिजे, बाकीचं नंतर. पण ऑटिझम असलेलं मूल हाक मारली तर येत नाही, बॉल दिला तर परत फेकत नाही, मग लहान भावंड दोनचारदा प्रयत्न करतं आणि सोडून देतं, त्याला वाटतं याला मी आवडतच नाही. इथे मोठ्या माणसाने थोडी मदत करायची. ऑटिझम असलेलं मूल जे करतंय त्यात दुसऱ्याने शिरायचं. दादा दारातल्या चपला ओळीत लावत असेल तर तू त्याला एकेक चपला आणून दे. तो गोल फिरत असेल तर तूपण फिर. तो "पुढील स्टेशन ठाणे" म्हणत असेल तर तू म्हण "पुढील स्टेशन मुलुंड" आणि बघ काय होतं. आमच्याकडे यातून रोजचा खेळ तयार झाला होता, कर्जतपासून सीएसएमटीपर्यंत, मी मुद्दाम एक स्टेशन गाळायचे आणि दादा माझ्याकडे वळून बघायचा. तो वळून बघायचा यात माझं सगळं आलं.

खेळ छोटा ठेवा, पाच मिनिटं पण छान झाली तर तिथेच थांबवा. फुगे, साबणाचे बुडबुडे, झोका, पाणी, दिवाणावरच्या उशांवर उड्या, यात बोलायची गरज पडत नाही आणि दोघांना हसू येतं. पाळी कुणाची हे दाखवायला काहीतरी हातात द्या, एखादी टोपी, ज्याच्या डोक्यावर टोपी त्याची पाळी. जे मूल फोटोंवरून किंवा टॅबवरून बोलतं, आपल्याकडे चेन्नईत तयार झालेलं आवाज नावाचं ॲप बऱ्याच घरांत असतं, तिथे भावंडालाही ते वापरायला शिकवा, आणि त्यात त्याचा फोटो आणि नाव टाका. भावाच्या बोलण्यात आपलं नाव आहे हे त्या लहान पोराला कळू दे.

फक्त एक लक्षात ठेवा, भावंडाला घरची थेरपिस्ट करू नका. सेंटरमध्ये ताई जे सांगतात ते "तू घे ना त्याच्याकडून करून, तुझं ऐकतो तो" असं रोज तिच्या गळ्यात पडलं की खेळ संपतो आणि ड्युटी सुरू होते. कधीतरी मदत मागितली तर ठीक, "आज पाच मिनिटं बघशील का" असं विचारून, आणि नाही म्हणाली तर नाही.

राग येणार, त्याला जागा द्या

प्रोजेक्टचा चार्ट फाटला, रंग सांडले, टीव्ही मध्येच बंद केला, केस ओढले. प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य येतं, "त्याला कळत नाही, तू तरी समजून घे." हे वाक्य मी बंद करायला सांगते सगळ्यांना. यात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला खरंच बरंच काही कळत असतं आणि त्याच्यासमोरच आपण म्हणतोय याला कळत नाही. दुसरं म्हणजे धाकटीला कळतं की आपल्याला राग आला तर आपण वाईट.

त्याऐवजी आधी झालंय ते मान्य करा: "चार्ट फाटला, तू दोन दिवस करत होतीस, राग येणारच." मग मदत करा, चिकटपट्टी घेऊन बसा, गरज असेल तर शाळेत चिठ्ठी द्या. मग ऑटिझम असलेल्या मुलालापण त्याला जमेल तेवढं करायला लावा, तुकडे गोळा करू दे, डबा धरू दे. नियम दोघांना हवेत, पायरी वेगळी चालेल. आणि मग पुढच्यासाठी सोय करा. कुलपाचं एक कपाट किंवा उंचावरचा एक कप्पा तिचा स्वतःचा, किल्ली तिच्याकडे. वन रूम किचन असलं तरी एवढं जमतं. मी पाहिलंय, किल्ली हातात आली की निम्मी भांडणं कमी होतात.

मारणं, चावणं, ओरबाडणं असेल तर ते "चालायचंच" म्हणून सोडू नका. लहान भावंडाला घरात सुरक्षित वाटलंच पाहिजे, याला दुसरा पर्याय नाही. मेल्टडाऊन आला, म्हणजे सगळं असह्य होऊन दादाचा ताबा सुटला, की भावंडाने काय करायचं ते शांत दिवशी ठरवा: बेडरूममध्ये जाऊन दार लावायचं का शेजारच्या काकूंकडे जायचं, काकूंना आधी सांगून ठेवा. दादाला धरणं, समजावणं, त्याच्या मध्ये पडणं हे तिचं काम नाही, हे तिला शब्दांत सांगा, कारण सांगितलं नाही तर ती मध्ये पडणारच. सगळं शांत झालं की दोन मिनिटं तिच्याजवळ जाऊन बसा. मेल्टडाऊननंतर सगळं घर दादाभोवती असतं आणि ही दाराआड कानावर हात ठेवून बसलेली असते, तिला विसरू नका. आणि मारण्याचं प्रमाण वाढत असेल तर डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना, दाखवा, कधीकधी मागे दातदुखी, कानदुखी, पोटदुखी निघते जी त्याला सांगता येत नव्हती.

गुणी पोरीची जास्त काळजी करा

"आमची धाकटी ना, काही त्रासच नाही तिचा, आपली आपली अभ्यास करते." हे कौतुकाने सांगितलं जातं आणि मला ऐकलं की काळजी वाटते. घरात एवढा ताण बघितल्यावर बरीच मुलं मनाशी ठरवून टाकतात की आपण आता आईबाबांना काही मागायचं नाही, आपण पहिला नंबर आणायचा, आपण आजारी पडायचं नाही. दिसायला छान असतं. मग सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, झोप नीट लागत नाही, मैत्रिणींना घरी आणत नाही, ट्रिपचे पैसे मागायचे टाळते, नव्वद टक्के पडले तरी रडते. यातलं काही दिसत राहिलं तर शाळेच्या काउन्सेलरशी बोला. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे २०२२ पासून, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, मोठ्या मुलांना हा नंबर देऊन ठेवा आणि आईबाबांनी स्वतःसाठीपण वापरा.

धाकटं भावंड मोठ्याच्या पुढे जातं तेव्हा अजून एक गोष्ट होते. ती बोलायला लागते, लिहायला लागते, एकटी दुकानात जाऊन ब्रेड आणते, आणि दादाला दादा म्हणत त्याच्या बुटांची लेस तीच बांधते. घरात तिचा आनंद थोडा दबकत साजरा होतो, आईच्या डोळ्यात पाणी येतं आणि मुलीला कळत नाही की आपण चांगलं केलं का वाईट. मग मुलं यश लपवायला लागतात. असं होऊ देऊ नका. तिचा निकाल लागला तर पेढे आणा, वाटा, फोन करा सगळ्यांना. दादाने पहिल्यांदा स्वतः शर्टाची बटणं लावली तर त्याचेपण पेढे आणा. दोन्ही खरे आनंद आहेत, तुलना करायची गरज नाही.

तिचा स्वतःचा वेळ

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की वेळ आणायचा कुठून. सकाळी शाळा, दुपारी थेरपी, बाबा लोकलमधून येतात तेव्हा साडेआठ-नऊ झालेले. मला एवढं कळलंय की थोडाच पण ठरलेला वेळ जास्त कामाला येतो. वर्षातून एकदा महाबळेश्वरला नेण्यापेक्षा रोज रात्रीची पंधरा मिनिटं, किंवा दर रविवारी सकाळी बाबांसोबत मंडईत जाणं आणि येताना इडली खाणं, हे मुलांच्या लक्षात राहतं. त्या वेळेत दादाचा विषय काढायचा नाही, अभ्यासाचा काढायचा नाही, ती जे बोलेल ते. आणि तो वेळ शक्यतो रद्द करायचा नाही, कारण तिच्या आयुष्यात आधीच बऱ्याच गोष्टी आयत्या वेळी रद्द होतात, सिनेमा, वाढदिवस, गावची ट्रिप. रद्द करावाच लागला तर नवीन दिवस तिथल्या तिथे ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा.

यासाठी घराबाहेरचं एक तरी मोठं माणूस तयार करावं लागतं जे दोन तास ऑटिझम असलेल्या मुलाला सांभाळू शकेल. मामा, आत्या, शेजारची कॉलेजातली मुलगी, कोणीही. एका दिवसात होत नाही, आधी तुम्ही घरात असताना अर्धा तास, मग तुम्ही खाली बिल्डिंगमध्ये, मग बाहेर. त्याला काय आवडतं, काय झालं की तो चिडतो, काय दिलं की शांत होतो, एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शाळेच्या गॅदरिंगला, स्पोर्ट्स डेला दोघांपैकी एकाने तरी पूर्ण वेळ बसायचंच, मध्येच उठून बाहेर फेऱ्या मारायच्या नाहीत, पूर्ण वेळ. तिचं लक्ष स्टेजवरून तुमच्या खुर्चीकडेच असतं.

सण, लग्नं आणि नातेवाईक

गणपतीत ढोल-ताशा, दिवाळीत फटाके, लग्नात डीजे, हे सगळं ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना सहन होत नाही, आणि मग पूर्ण कुटुंब जाणंच बंद करतं. भावंडाचे सण जातात. त्यापेक्षा दोन तुकड्या करा. एकाने आवाज बंद करणारे हेडफोन घेऊन दादाबरोबर थोडा वेळ यायचं आणि लवकर परत जायचं, दुसऱ्याने धाकटीबरोबर शेवटपर्यंत थांबायचं, विसर्जन होईपर्यंत, पंगत उठेपर्यंत. पुढच्या वेळी अदलाबदल, म्हणजे तिला दोघेही मिळतात. रक्षाबंधन, भाऊबीज मात्र सगळ्यांनी मिळून, आणि दादाला झेपेल असं. मनगटावर दोरा सहन होत नसेल तर राखी त्याच्या बॅगेच्या चेनला बांधा, निरांजन चेहऱ्याजवळ नको वाटत असेल तर लांबूनच ओवाळा. कुणीतरी म्हणेलच, अगं भावाने बहिणीचं रक्षण करायचं, इथे उलटंच आहे. मुलीच्या समोर असं बोललं गेलं तर तिथेच थांबवा.

नातेवाईकांच्या बोलण्याबद्दल अगदी ठाम राहायला हवं. "आता तुझ्यावरच आहे हो सगळं." "दुसरं मूल बरं झालं झालं, याला कोणीतरी हवंच होतं." "लाडावून ठेवलाय." "मागच्या जन्मीचं काहीतरी." यातलं दुसरं वाक्य मुलाला आयुष्यभर टोचतं, मी भावाला सांभाळायला जन्माला आलो का. पाहुणे गेल्यावर आतल्या खोलीत समजूत काढून भागत नाही, मुलाच्या देखत बोललं गेलं तर उत्तरही मुलाच्या देखत द्यायचं. "काकू, ती आमची मुलगी आहे, तिच्यावर काही नाहीये, आमच्यावर आहे." आवाज न चढवता. त्या काकूंना राग आला तर येऊ दे.

दुसरी भावंडं भेटवा

अमेरिकेत सिएटलला डॉन मेयर यांनी १९८२ च्या सुमाराला सिबशॉप नावाचा प्रकार सुरू केला, दिव्यांग मुलांच्या भावंडांनी एकत्र येऊन खेळायचं, खायचं आणि मध्ये मध्ये बोलायचं, आता तो बऱ्याच देशांत चालतो. आपल्याकडे पालकांचे ग्रुप बऱ्याच शहरांत आहेत, मुंबईत फोरम फॉर ऑटिझम आहे, उम्मीद नावाचं सेंटर २००१ पासून मुलांच्या विकासावर काम करतंय, दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम आहे, तिथे विचारून बघा की भावंडांसाठी काही आहे का. नसेल तर चार-पाच घरांनी मिळून स्वतः करा, अवघड नाहीये. सेंटरच्या बाकावरच्याच आया-बाबांना विचारा. एखाद्या रविवारी एका घरी किंवा बागेत सगळी फक्त भावंडं, वडापाव, क्रिकेट किंवा कॅरम, आणि मग एका डब्यात चिठ्ठ्या: भावाची कुठली गोष्ट सगळ्यात मजेशीर आहे, कुठल्या गोष्टीचा वैताग येतो, मोठ्या माणसांनी काय बोलू नये. ज्याला वाटेल त्याने उत्तर द्यायचं. मोठ्या भावंडाने कोणीतरी चालवायचं, आईबाबांनी लांब बसायचं, आणि नंतर "काय बोललीस गं" असं खोदून विचारायचं नाही. माझ्यासारखंच घर असलेलं दुसरं कोणी आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलं इतकं बोलतात की आवरत नाही.

पुढचं काय, हे मोठ्याने बोला

आपल्या घरांत या विषयावर कोणी बोलत नाही आणि तरी सगळ्यांनी मनात ठरवलेलं असतं की आमच्यानंतर धाकटा बघेल. धाकट्यालापण हे माहीत असतं, म्हणून तो बाहेरगावचं कॉलेज मागत नाही, परदेशातली नोकरी सोडतो, लग्नाचा विषय टाळतो. पंधरा-सोळाव्या वर्षापासून हळूहळू बोलायला लागा. सुरुवात अशी करा की आम्ही काय काय करून ठेवलंय. मग विचारा, तुला यात किती आणि काय करावंसं वाटतं, आणि आज जे सांगशील ते उद्या बदललं तरी चालेल. "नाही" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. मी पाहिलेल्यातली बरीचशी भावंडं शेवटी आपणहून पुढे येतात, पण कोणीतरी विचारलं म्हणून येणं वेगळं आणि गृहीत धरलं म्हणून येणं वेगळं, यात वीस वर्षांच्या नात्याचा फरक पडतो.

आईबाबांनी करून ठेवायच्या गोष्टी या. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, जिच्यात जिल्हाधिकारी असतात, कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आईबाबा करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थापण करू शकते. जो पालक होतो त्याला सहा महिन्यांत त्या दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी तिचा हिशोब, हे भावंडाला आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर धक्का बसत नाही. निरामय ही आरोग्य विमा योजना याच नॅशनल ट्रस्टची, एक लाखापर्यंतची, दरवर्षी रिन्यू करावी लागते. मृत्युपत्र करा, वकिलाशी बोलून मुलाच्या नावाने ट्रस्ट करता येतो का बघा. सरकारी नोकरी असेल तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन मिळू शकते, त्यासाठी ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये त्याचं नाव आणि सर्टिफिकेट तुम्ही नोकरीत असतानाच लावून घ्या, नंतर भावंडाला खेटे घालावे लागतात.

भावंडाने कायदेशीर पालक होणं म्हणजे भावाला स्वतःच्या घरात ठेवणं असं नाहीये, हे दोन्ही वेगळं करून समजावा. बहीण पुण्यात राहून सह्या करू शकते, पैसे बघू शकते, दर महिन्याला भेटू शकते, आणि भाऊ एखाद्या चांगल्या निवासी केंद्रात राहू शकतो. अशी केंद्रं आधीच जाऊन बघा, तिथे त्याला एकदोन दिवस राहायची सवय आईबाबा असतानाच लावा.

मुलींच्या लग्नाचं. स्थळाला सांगायचं का, कधी सांगायचं. पहिल्या भेटीतच सांगा, आणि मुलीला स्वतःला सांगू द्या, तिच्या शब्दांत. भाऊ लपवून ठेवून जमलेलं लग्न तिला आयुष्यभर जपावं लागतं. आणि समोरचे लोक भावाचं ऐकून मागे फिरले तर त्या घरात ती सुखी झाली नसती असं मला मनापासून वाटतं. मुलग्यांच्या बाबतीत हा प्रश्न कमी विचारला जातो आणि त्यांच्यावर सांभाळायचं आपोआप पडतं, तेपण बरोबर नाही, त्यांनाही बसवून विचारा.

शेवटचं काम, एक फाईल करा. सरकारी कागदांच्या झेरॉक्स एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या रोजच्या जगण्याची माहिती, कुठली औषधं किती वाजता, दातांच्या डॉक्टरकडे कसं न्यायचं, भातावर वरण वेगळ्या वाटीत का लागतं, "पुढील स्टेशन" पुन्हा पुन्हा म्हणायला लागला तर तो कशाने बेचैन झालेला असतो, त्याच्या आवडीचा टीशर्ट कुठल्या दुकानातला, कुणाचं ऐकतो, कुणाला घाबरतो. ही माहिती बहुतेक घरांत फक्त आईच्या डोक्यात असते. दर दिवाळीच्या सुट्टीत भावंडाला सोबत घेऊन ती फाईल अपडेट करा, औषधं बदललेली असतात, सवयी बदललेल्या असतात. तिलापण त्यात लिहू द्या, तिला माहीत असलेल्या कित्येक गोष्टी तुम्हाला माहीत नसतात. एक प्रत तिच्याकडे, एक मामाकडे किंवा मावशीकडे, आणि फोटो काढून सगळ्यांच्या फोनमध्ये.